दोनशे चौसष्ट पावलांचा तालुका

लग्नाची पत्रिका हातात पडली की माणूस आधी नवरा-नवरीची नावं बघतो, मग तारीख, आणि मग जेवणाची वेळ. तात्या सगळ्यात आधी 'ता.' बघायचे. मुक्काम पोस्ट अमुक, ता. तमुक, जि. पुणे. त्या 'ता.'च्या पुढं बरोबर तालुका छापलेला असला की पत्रिका देवापुढं जायची. चुकला असला तर तात्या खिशातून लाल पेन काढायचे, तालुका दुरुस्त करायचे आणि पत्रिका आणणाऱ्याच्याच हातात परत ठेवायचे. "आता द्या," म्हणायचे. "आता पोचलं आमंत्रान."

तात्या आमचे कोतवाल होते. कोतवाल म्हणजे तलाठ्याच्या हाताखालचा माणूस. नोटिसा पोचवायच्या, दवंडी द्यायची, पंचनाम्याला पाच माणसं गोळा करायची आणि ती सही करेपर्यंत पळू द्यायची नाहीत, ही कामं. तलाठी मी. लासुर्ण्याजवळची तीन गावं माझ्याकडं होती आणि मी तात्यांकडं होतो. कागदोपत्री ते उलटं लिहिलेलं असे.

अलीकडं सरकारनं आमच्या दोघांच्या पदांची नावं बदलली. मी ग्राम महसूल अधिकारी झालो, ते महसूल सेवक झाले. मी ते पत्र त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तालुक्याचं नाव बदललंय का?"

"नाही."

"मंग चालतंय," म्हणाले आणि नोटिसा घेऊन निघून गेले.

अंगानं काटकुळे, उंच, डोक्याला पांढरी टोपी, तोंडात कायम तंबाखूची गोळी. चालताना त्यांचे ओठ हलत असायचे. नवीन माणसाला वाटायचं, नामस्मरण चाललंय. मलाही पहिले काही महिने तसंच वाटलं आणि मी त्यांच्याविषयी आदरही बाळगून राहिलो. पुढं कळलं की ते पावलं मोजतात. चावडीपासून शाळा किती, शाळेपासून ओढा किती, ओढ्यापासून अमक्याचा बांध किती, हे सगळं त्यांच्या डोक्यात पावलांत साठवलेलं होतं. मोजणीवाले यंत्र घेऊन यायचे, तीन पायांवर उभं करायचे, उन्हात दोन तास घालवायचे. तात्या तोवर बाभळीखाली बसून असायचे. आकडा निघाला की म्हणायचे, "हां. असंलच तेवढं."

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी एका अर्जावर 'तहसील इंदापूर' असं लिहिलं. तात्या माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. ते वाकले की तंबाखूचा वास आधी यायचा आणि आवाज मागून.

"भाऊसाहेब, ह्ये काय लिवलं?"

"तहसील. म्हणजे तालुकाच की."

तात्यांनी टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली. पुढं माझ्या लक्षात आलं की ते असं फार दुखावल्यावरच करतात.

"तहसील म्हंजे वसुली," ते म्हणाले. "ती हपिसात बसत्या. तिला कुलूप असतंय, शिपाई असतोय, इतवारी सुट्टी असत्या. तालुका म्हंजे मानसं, गावं, वढं, नालं. त्येला सुट्टी न्हाय. तुमी पोरगी बघायला गेला आन म्हनला, मी इंदापूर वसुलीचा, तर कोन देईल पोरगी?"

मी मुकाट्यानं खोडलं आणि 'तालुका' लिहिलं. तालुका हा शब्द मुळात अरबी आहे आणि त्याचा अर्थ संबंध, लागून असणं, असा होतो, हेही त्यांनीच मला सांगितलं. ते नोकरीला लागले तेव्हाच्या एका जुन्या मामलेदारांकडून त्यांनी हे ऐकलं होतं. मी घरी जाऊन शब्दकोश बघितला. तात्यांचं बरोबर होतं. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही, कारण ते पुन्हा "हां, असंलच," म्हणाले असते.

त्यांचा खरा राग मात्र तहसिलीवर नव्हता. तो होता आमच्याच गावच्या लोकांवर. आमचा भाग इंदापूर तालुक्यातला, पण कापड घ्यायचं तर बारामती, दात काढायचा तर बारामती, पोरं कॉलेजला बारामती. इंदापूरला आम्ही फक्त सरकारी कामाला जातो, तेही कुरकुरत. त्यामुळं गावचा माणूस पुण्याला गेला आणि कुणी विचारलं, कुठले तुम्ही, की तो बिनदिक्कत सांगतो, बारामतीचा. सांगायला सोपं, ऐकणाऱ्यालाही माहीत. तात्यांना ही शुद्ध बेइमानी वाटायची. "बाजार बारामतीत केला म्हनून काय बारामतीचा व्हतो व्हय? मंग सासूरवाडीला जेवला की आडनाव बदला!"

हर्नियाच्या ऑपरेशनला त्यांना पुण्याला नेलं होतं, तेव्हाची गोष्ट त्यांचा थोरला मुलगा अजून डोक्याला हात लावून सांगतो. दवाखान्यात नाव नोंदवताना त्यानं सवयीनं सांगून टाकलं, बारामती. खाटेच्या पायथ्याशी कागद लागला. तात्यांनी पडल्या पडल्या तो वाचला. सकाळी नर्सबाई आत न्यायला आल्या तर तात्या खाट धरून बसलेले.

"ह्यो पेशंट मी न्हाय," ते म्हणाले. "ह्यो कोनतरी बारामतीचा हाय. त्येला हुडका. मी इंदापूरचा."

नर्सबाई घाबरल्या. त्यांना वाटलं, खरंच पेशंटची अदलाबदल झाली. त्या पळत डॉक्टरांकडं गेल्या, डॉक्टर पळत खाली आले, सगळे कागद पुन्हा तपासले गेले, आणि दीड तासानं 'बारामती' खोडून 'लासुर्णेजवळ, ता. इंदापूर' असं लिहिल्यावर तात्या स्वतःच्या पायांनी ऑपरेशनला चालत गेले. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य काय, तर "कागुद तोच हाय ना?"

एकदा आम्ही भिगवणला कामाला गेलो होतो. दुपारी धरणाच्या पाण्याकडेच्या एका खानावळीत मासे खायला बसलो. चिलापीचं कालवण समोर आलं. तात्यांनी मालकाला हाक मारली.

"मासा कुठल्या तालुक्याचा?"

मालक म्हणाला, "पान्यातला हाय, तात्या."

"पान्याला बी तालुका असतो. हितलं पानी आपलं, पलीकडचं करमाळ्याचं. जाळं कुठं टाकलं व्हतं?"

मालक बेरका होता. तो म्हणाला, "जाळं आपल्यातच टाकल्यालं, पर मासा करमाळ्याकडनं पवत आला आसंल तर माझा इलाज न्हाय." तात्यांनी विचार केला. मग म्हणाले, "आता आपल्यात आलाय ना? मंग आपलाच." आणि तीन मासे खाल्ले. त्यांचं हे मन मला फार आवडायचं. नियम कडक, पण आलेल्याला ते हाकलून द्यायचे नाहीत.

महिन्यातून एकदा तरी आम्ही दोघं एस.टी.नं बारामतीला जायचो. त्या प्रवासात तात्यांचा एक ठरलेला विधी असे. तालुक्याची शीव जवळ आली की ते खिडकीतून बाहेर वाकून तंबाखूची पिंक टाकायचे, तोंड पुसायचे आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर करायचे, "बदलला!" रोजचे प्रवासी वर बघायचेसुद्धा नाहीत. नवा माणूस दचकायचा. कंडक्टर त्याला समजावून सांगायचा, "काय न्हाय, तालुका बदललाय." तिथून परत येईपर्यंत तात्या तोंडात तंबाखू घालत नसत. परक्या तालुक्यात थुंकणं म्हणजे पाहुण्याच्या घरात थुंकणं, असं त्यांचं म्हणणं होतं.

आता या शिवेवर एक पाटी आहे. एका बाजूला 'बारामती तालुका आपले स्वागत करीत आहे' आणि दुसऱ्या बाजूला 'इंदापूर तालुका आपले स्वागत करीत आहे.' ती पाटी माझ्या सांगण्यावरून लागली, आणि मला त्याचा थोडा अभिमानही होता. नोकरीला लागून दोनच महिने झाले होते. रस्ता रुंद झाला आणि पाटी लावणाऱ्या माणसाचा मला फोन आला, हद्द नेमकी कुठं? मी इंदापुरात मीटिंगला बसलो होतो. मोबाईलवर नकाशा उघडला, बोटांनी मोठा केला आणि सांगितलं, मोरीच्या अलीकडं, लिंबाच्या झाडापाशी. तो म्हणाला, लेखी द्याल का? दिलं. सही, शिक्का, सगळं.

गंमत अशी, की एस.टी.त पाटी मागं पडायची आणि तात्या जरा वेळानं थुंकायचे, आणि त्यानंतर म्हणायचे, "बदलला." मला वाटायचं, वय झालं, नजर कमी झाली, पाटी उशिरा दिसते. एकदा मी चिडवलंसुद्धा. "तात्या, आज बारामतीत थुंकलात बरं का!" तात्या माझ्याकडं बघून नुसतं हसले. गाडीतले दोघंतिघंही हसले. मला माझ्याच विनोदाचं फार कौतुक वाटलं.

तात्यांच्या धाकट्या मुलीचं, कोमलचं लग्न ठरलं ते कोऱ्हाळे बुद्रुकच्या मुलाशी. मुलगा दूध संघात दूध तपासायच्या कामाला. आणि गाव त्याचं तालुका बारामती. गावातल्या टवाळ मंडळींना वाटलं होतं, तात्या तालुक्यावरनं स्थळ मोडतील. पण तात्यांचं बारामतीशी काहीच वाकडं नव्हतं. बारामतीनं बारामतीत राहावं, एवढंच त्यांचं म्हणणं. बैठकीला मीही होतो. मानपान, कपडे, जेवण, सगळं दहा मिनिटांत ठरलं. सुपारी फुटणार तेवढ्यात तात्या म्हणाले, "माझी एक आट हाय."

बैठक गार पडली. कोमलच्या आईनं पदर तोंडाला लावला.

"सीमांतपूजन शिवेवर व्हईल. हालमधी न्हाय."

आता हे सांगायला हवं, की सीमांतपूजन म्हणजे नवरदेव वधूच्या गावच्या शिवेवर आला की तिथं त्याची पूजा करून त्याला आत घ्यायचं. बारामतीच्या बाजूला आमच्या गावची शीव तीच तालुक्याची शीव. पण हल्ली सगळे ते मंगल कार्यालयातच उरकतात. नवरदेव सोफ्यावर बसलेला असतो, शेजारी पंखा असतो, आणि शीव कुठं आहे ते कुणाला ठाऊकही नसतं.

मुलाचे आजोबा मोठ्या मिशांचे होते. त्यांना सगळे आबा म्हणत. त्यांनी मांडीवर थाप मारली. "तात्या, मानूस हाय तुमी! आजपातूर येकानं बी अशी आट घातली न्हाय. पर आमची बी येक ऐका. आमच्यात नवरदेवाची गाडी येकदा वाटंला लागली की मागं फिरत न्हाय. येक पाऊल बी न्हाय. मागं फिरली की लगीन मोडलं."

"का म्हनून फिरावी?" तात्या म्हणाले. "तुमी शिवेवर या. आमी शिवेवर हाय."

दोघांनी हातावर हात मारले. त्या वेळी तिथं बसलेल्या एकाही शहाण्याच्या, म्हणजे माझ्याही, डोक्यात आलं नाही की शीव कुठली ते विचारावं.

लग्नाच्या दिवशी मुहूर्त बारा पस्तीसचा होता. पूजा दहाला. मी साडेनवाला पाटीपाशी गेलो तर आपल्याकडचं कुणीच नाही. तात्यांच्या मुलाला फोन केला, तर म्हणाला, रस्त्यानं अजून पुढं या आणि उसात शिरा. शिरलो. बांधावरून आत गेलो तर डोक्याएवढ्या उसात एका जुन्या दगडापाशी आपल्याकडची सगळी मंडळी उभी. दगड धुतलेला, शेंदूर लावलेला, पुढं रांगोळी, पाट, समई. बायका पैठण्या सावरत उभ्या होत्या आणि पाचट अंगाला लागलं की तात्यांचा उद्धार करत होत्या.

"तात्या, इथं?"

"मंग कुठं?" तात्या म्हणाले.

मी मनाशी सरकारी विचार केला. शीव काही सरळ रेषेत जात नाही, ती इथून वळून पाटीकडं जात असेल. असा विचार केला की डोक्याला त्रास होत नाही.

सव्वादहा झाले. साडेदहा झाले. तात्यांच्या मुलानं फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला.

"कुठं हायसा?"

"शिवेवर!"

"आमी बी शिवेवरच हाय की!"

"मंग दिसत कसं न्हाय?"

"आमाला बी न्हाय दिसत!"

"बँड वाजतोय, ऐकू येत न्हाय का?"

वारा पडला तसा खरंच लांबून बँड ऐकू आला. तो आमच्या गावाच्या बाजूनं येत होता. तात्यांचा चेहरा उतरला. बँड आतल्या बाजूनं वाजत होता, म्हणजे नवरदेव पूजेआधीच शीव ओलांडून आला होता. कोमलची आई मटकन बांधावर बसली.

मी मोटरसायकल काढली आणि पाटीपाशी गेलो. तीन गाड्या, बँड, आणि पाटीच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर आबा. मी नमस्कार करून म्हणालो, "आबा, जरा मागं यावं लागेल. जास्त नाही, दोनअडीचशे पावलं."

"मागं?" आबांनी मिशी फिरवली. "भाऊसाहेब, तुमी शिकल्यालं हायसा. ह्या पाटीवर काय लिवलंय वाचा."

मी वाचलं. "इंदापूर तालुका आपले स्वागत करीत आहे."

"कवाधरनं करतोय. नुसतं लिवलंय. करायला मानूस कुठं हाय?"

मग आबांनी बजावलं, "साडेअकरापातूर बसतो. न्हायतर आमी चाललो घरला. मागं फिरायचं न्हाय म्हनून भिगवनवरनं वळसा घालून जाऊ, पर जाऊ." गाडीतला नवरदेव मुंडावळ्या बाजूला करून माझ्याकडं रडकुंडीला येऊन बघत होता. त्यानं दबक्या आवाजात विचारलं, "साहेब, मी एकटा उतरून उलटा चालत गेलो तर?" आबांनी नुसतं वळून बघितलं. त्यानं मुंडावळ्या पुन्हा पुढं घेतल्या.

शेवटी आबांनी त्यांच्या पुतण्याला, म्हणजे नवऱ्याच्या चुलत्याला, माझ्या मागं बसवून पाठवलं. भानगड काय आहे ते बघून ये, म्हणाले. चुलता वकिली डोक्याचा होता. उसात आल्याबरोबर त्यानं दगडाला प्रदक्षिणा घातली.

तात्या त्याला समजावून सांगू लागले. "पाव्हनं, शीव ही. माझ्या आज्ज्यानं दावली, बानं दावली, नकाशात बी हाय. तुमची गाडी हुबी हाय ती दोनशे चौसष्ट पावलं आत. पूजा शिवेवर करायची तर हितं."

"मंग सरकारी पाटी खोटी?" चुलता म्हणाला. "लावली कुनी ती? कुनाच्या तरी सहीनं लागली आसंल का न्हाय? काढा त्यो कागुद. ज्यानं सही ठोकली त्येला मांडवात हुबा करू आन इचारू, का रं बाबा, लगीन मोडायचं व्हतं व्हय?"

तो दोनशे चौसष्टचा आकडा मी पहिल्यांदाच ऐकत होतो, पण तो आकडा कुणाच्या नावावर आहे हे मला एका क्षणात कळलं. मी तोंड उघडलं. खरं सांगतो, बोलायलाच उघडलं होतं. तात्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि पूजेचं ताट माझ्या हातात दिलं.

"ह्ये धरा, भाऊसाहेब. नीट धरा. त्याल सांडंल."

मग त्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली, आणि चुलत्याला म्हणाले, "पाटी खरी हाय. दगुड जुना झालाय. टॅक्टरनं सरकला आसंल. माजीच चूक झाली. चला."

त्यांची बायको त्यांच्याकडं, हा कोण माणूस, अशा नजरेनं बघत राहिली. तीस वर्षांत तिनं त्यांच्या तोंडून 'माझी चूक' हे शब्द ऐकले नव्हते.

मंडळी उसातून रस्त्यावर आली. तात्या पुढं, मी ताट घेऊन त्यांच्याशेजारी. त्यांचे ओठ हलत होते. चुलता मागं पडल्यावर मी हळूच विचारलं, "तात्या, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"पाटी लागली त्याच दिशी मोजलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमचं नवं नवं व्हतं. आन लेखी दिल्यालं." थोडं चालून ते म्हणाले, "मी कोतवाल हाय. भाऊसाहेबाची सही मी खोटी पाडू व्हय? आता बोलू नगा. आकडा चुकंल."

पुढची पावलं मीही मनात मोजली. पाटीपाशी तात्या थांबले आणि पुटपुटले, "दोनशे चौसष्ट." नंतर त्यांनी वाकून रस्त्याच्या कडेला पाट ठेवला.

पूजा झाली. तात्यांनी नवरदेवाचे पाय धुतले, कुंकू लावलं, नारळ दिला. आबा खूश झाले आणि खुशीत माणूस जरा जास्तच बोलतो. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आयुष्यभर कोतवाली केली आन सोताच्या लेकीच्या लग्नात तात्याला शीव घावंना!" बँडवाले हसले, वऱ्हाडी हसले, आपल्याकडचेही हसले. तात्याही हसले. पण त्यांचे कान लाल झाले होते. मी पूजेचं ताट धरून सरकारी दगडासारखा उभा होतो. मला त्या दिवसाची अजून लाज वाटते.

लग्न वेळेवर लागलं. मंगलाष्टकं संपत आली, तेव्हा मुहूर्ताला तीन मिनिटं बाकी होती, म्हणून भटजींनी ती आणखी लांबवली.

पुढं चारसहा महिने गावानं तात्यांना जगू दिलं नाही. चावडीवर, दूध घालायला आलेल्यांत, केशकर्तनालयात, सगळीकडं तेच. "तात्या, शीव घावली का?" दुरुस्त करून परत दिलेल्या पत्रिकांची सगळ्यांनी भरपाई करून घेतली. मोजणीच्या वेळी कुणी त्यांना विचारेना. ज्या माणसाला वाटसुद्धा पावलं मोजल्याशिवाय चालता येत नव्हती, त्याला लोक बांधावरून बाजूला करू लागले. तात्या बाभळीखाली बसायचे आणि आकडा निघाला तरी "हां, असंलच" म्हणायचे नाहीत.

ते मला बघवेना. मी नकाशा काढला, जागेवर जाऊन खात्री केली आणि वर सविस्तर कळवलं, की हद्दीची पाटी माझ्या चुकीच्या लेखी माहितीमुळं चुकीच्या जागी लागली आहे, तरी ती दोनशे चौसष्ट पावलं पश्चिमेस हलवावी. पावलं हे माप चालत नाही म्हणून पत्र परत आलं. मीटरमध्ये लिहिलं. मग मला समज देणारं पत्र आलं, आणि बऱ्याच दिवसांनी पाटी हलवायचा हुकूम आला. मी तो हुकूम घडी करून खिशात ठेवला. ठरवलं, पाटी उपटताना सगळा गाव गोळा करायचा आणि सगळ्यांसमोर वाचायचा.

कामगार कुदळ घेऊन आले. गावही आला. मी हुकूम उघडला. बघतो तर पाटीच्या खांबाला पाठ लावून तात्या उभे.

"हात लावायचा न्हाय," ते म्हणाले.

"तात्या, तुमच्यासाठीच आणलाय हुकूम! तुमचंच खरं होतं. वाचून दाखवतो."

"वाचायचा बी न्हाय." तात्यांनी माझ्या हातातला कागद हळूच धरला. आवाज खाली आणला. "भाऊसाहेब, माझ्या लेकीची पूजा हितं झाल्या. तुमी पाटी हलीवली की ती पूजा शिवेवरची ऱ्हात न्हाय. आतली व्हत्या. उद्या कोऱ्हाळ्यात कायबी वाकडं झालं, गाय मेली, दूध नासलं, तरी आबा म्हनतील, पूजाच शिवेवर झाली न्हाय, सून पायगुनाची न्हाय. ऐकून घ्यायला मी नसंन, ती असंल. माझं काय, हसत्यात त्येवढं हसू द्या. शीव हितंच हाय."

मी कागद त्यांच्या हातून हळूच सोडवून घेतला. गाव बघत होता. कामगारानं विचारलं, "साहेब, काय करू?" मी हुकुमाच्या मागं लिहिलं, 'ग्रामस्थांच्या तीव्र विरोधामुळे काम तहकूब.' तीव्र विरोध करणारे ग्रामस्थ एकच होते आणि ते खांब सोडून घाम पुसत होते. पाटी अजून तिथंच आहे. त्या प्रकरणी माझ्याकडं खुलासा मागितलेला आहे.

परवा कोमलच्या मुलाच्या बारशाला आम्ही दोघं कोऱ्हाळ्याला निघालो. आता माझी बदली झाली आहे, तात्याही निवृत्त झाले आहेत, पण मुद्दाम सवड काढून मी आलो. एस.टी.त खिडकीपाशी तात्या, शेजारी मी. पिशवीत झबलं-टोपडं. पाटी दिसायला लागली. मी बघत होतो, आता काय करतात. पाटी शेजारून गेली आणि तात्या मान वर करून, तोंडातली तंबाखू सांभाळत, गाडीभर ऐकू जाईल असं म्हणाले, "बदलला!"

कंडक्टर जुनाच होता. "तात्या, आज बिगीनं?"

तात्यांनी त्याला हातानंच गप्प बसायची खूण केली. गाल फुगलेला होता. मोरी गेली, उसाचा तो तुकडा आला. बरोबर त्या दगडाच्या सरळ रेषेच्या दोन हात आधी त्यांनी खिडकीतून वाकून पिंक टाकली. ती आमच्याच तालुक्यात पडली. मग तोंड पुसलं, टोपी सारखी केली आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "झबलं घेतलं हाय ना?"